श्रीलंकेला पर्यटकांचा विश्वास पुन्हा कसा मिळेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत श्रीलंकेच्या पर्यटनावर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. एकामागून एक संकटे सोसलेल्या या देशाने आता हिंदी चित्रपटसृष्टीतील नामवंतांना हाताशी धरून मोठी जाहिरात मोहीम राबवावी, म्हणजे त्याची मलिन झालेली प्रतिमा उजळेल, असा त्या लेखाचा सूर होता. नागपुरातून बौद्ध उपासक-उपासिकांचे गट श्रीलंकेच्या यात्रेला नेण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो आणि त्या अनुभवावरून मला हे निदान मुळातच चुकलेले वाटते. पाहुण्याच्या मनातून उतरलेला देश पुन्हा त्याच्या मनात बसतो, तो व्हिसाच्या खिडकीवर, गाडीच्या चालकाजवळ आणि मुक्कामाच्या घरी त्याला मिळणाऱ्या खऱ्या माहितीमुळे आणि सरळ वागणुकीमुळे. पैसा आणि लक्ष तिथे लागले पाहिजे. हे दोन ओळींत सांगून पटणारे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

श्रीलंकेचे दुखणे जाहिरातीच्या अभावाचे नव्हते. १९८३ मध्ये सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात पेटलेले यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपले, त्यानंतर तिथले पर्यटन झपाट्याने वाढले आणि २०१८ मध्ये २३ लाख ३३ हजारांहून अधिक परदेशी पाहुणे त्या बेटावर आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवासविषयक प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये पाहण्याजोग्या देशांच्या यादीत श्रीलंकेला पहिले स्थान दिले. पाठोपाठ लंडनच्या जागतिक पर्यटन मेळ्यात ‘सो श्रीलंका’ हे नवे घोषवाक्य वाजतगाजत जाहीर झाले. याहून मोठी प्रसिद्धी एखाद्या लहान देशाच्या वाट्याला क्वचितच येते. आणि मग २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबो, नेगोंबो आणि बट्टिकलोआ येथील चर्चमध्ये आणि कोलंबोतील तीन पंचतारांकित हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे प्राणाला मुकली, त्यांत चाळीसच्या वर परदेशी होते. मे २०१८ मध्ये सुमारे १ लाख २९ हजार पाहुणे आले होते, मे २०१९ मध्ये ती संख्या ३८ हजारांच्या आत आली. घोषवाक्य तेच होते, समुद्रकिनारे तेच होते, पहिला क्रमांकही कोणी काढून घेतला नव्हता.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत जे घडले, त्याकडे आपल्या लेखकाने लक्ष द्यायला हवे होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटनने आपल्या नागरिकांना दिलेला प्रवासाचा इशारा सौम्य केला. ९ जूनला पंतप्रधान नरेंद्र मोदी कोलंबोत उतरले आणि स्फोट झालेल्या कोचिकडे येथील सेंट अँथनी चर्चमध्ये जाऊन त्यांनी मृतांना श्रद्धांजली वाहिली. शेजारच्या मोठ्या देशाचा प्रमुख स्वतः तिथे उभा राहिलेला लोकांनी पाहिला, याचा परिणाम माझ्याकडे येणाऱ्या विचारणांवरही जाणवला. ऑगस्टमध्ये तिथली आणीबाणी उठली आणि भारतासह अनेक देशांच्या नागरिकांचे व्हिसाशुल्क माफ झाले. पर्यटन व्यवसायातील कर्जांच्या वसुलीला सवलतीची मुदत मिळाली, आणि माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. श्रीलंकेत पर्यटकाला सर्वाधिक वेळ भेटणारा माणूस म्हणजे त्याचा चालक. गाडी हाकणारा आणि स्थळांची माहिती देणारा तोच असतो आणि त्याची गाडी बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते. त्या उन्हाळ्यात ती जप्त झाली असती, तर पर्यटक परत आल्यावर त्यांना नेणार कोण होते? डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या पाहुण्यांची संख्या आदल्या डिसेंबरच्या जवळपास जाऊन पोहोचली. पुढे करोनाने सगळ्याच जगाला टाळे लावले आणि श्रीलंकेचे विमानतळही मार्च २०२० पासून जानेवारी २०२१ पर्यंत पर्यटकांना बंद राहिले, त्याबद्दल वेगळे काही लिहिण्याची गरज नाही.

खरी कसोटी २०२२ मध्ये लागली. एप्रिलमध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली. १९४८ मध्ये स्वतंत्र झाल्यापासून अशी वेळ त्या देशावर प्रथमच आली. पेट्रोलसाठी मैलोनमैल रांगा, स्वयंपाकाच्या गॅसचा तुटवडा, औषधांची वानवा अशा बातम्या रोज येत होत्या. ९ जुलैला संतप्त नागरिक राष्ट्रपतींच्या निवासस्थानात शिरले आणि तिथल्या तरणतलावातली दृश्ये घराघरांत पोहोचली. त्या वर्षी वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपल्यानंतरच्या यात्रेसाठी नावे नोंदवलेल्या लोकांचे मला फोन येऊ लागले. डिझेल नाही तर बस कशी चालेल, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळतील का, रात्री अंधारात राहायचे का, असे त्यांचे साधे आणि रास्त प्रश्न होते. मी दोघांना विचारले. एका दलालाने सगळे सुरळीत आहे, निश्चिंत या, असे कळवले. वर्तमानपत्र उघडणाऱ्या कोणालाही त्यावर विश्वास ठेवणे शक्य नव्हते.

दुसरा निरोप अनुराधपूरच्या एका छोट्या अतिथिगृहाच्या मालकाचा होता. भारनियमनाचे त्या भागाचे वेळापत्रक त्याने पाठवले आणि त्या वेळेत पंखे चालणार नाहीत, कंदील आणि पाणी मात्र तयार असेल, असे लिहिले. गॅसचा भरवसा नाही, म्हणून अंगणात चूल मांडली आहे, रात्रीच्या जेवणाला नेहमीपेक्षा उशीर होईल. दुधाची भुकटी फार महागली आहे, सकाळी चहा बिनदुधाचा आणि गुळाच्या खड्यासोबत मिळेल. पर्यटकांच्या गाड्यांना सरकारने वेगळा इंधन पास दिला आहे, पण पंपावर थांबावे लागेल, म्हणून अनुराधपूर ते कँडी या प्रवासासाठी अर्धा दिवस जास्तीचा धरा. औषधे पूर्ण मुदतीची सोबत आणा आणि जमल्यास थोडी जास्त आणा, इथल्या रुग्णालयाला देता येतील. हा निरोप मी यात्रेकरूंच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला. काही जणांनी नावे मागे घेतली, ते स्वाभाविकच होते. बाकीचे निघाले आणि औषधांची जादा खोकीही घेऊन निघाले.

अनुराधपूरला आमचा गट पोहोचला तेव्हा महाबोधी वृक्षाच्या परिसरात तुरळक गर्दी होती. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून नेलेल्या रोपाचा हा वृक्ष असल्याची परंपरा आहे. आमच्या महिला नेहमीप्रमाणे पांढऱ्या साड्यांत होत्या, तिथले भाविकही पांढऱ्याच वेशात होते, आणि कमळे विकणाऱ्या बाईने आम्हाला परदेशी पाहुण्यांचा भाव न सांगता गावच्या भाविकांचा भाव सांगितला. त्या रात्री वेळापत्रकात लिहिलेल्या वेळेला वीज गेली, दारात आधीच लावून ठेवलेले कंदील आत आले आणि वरण-भात व फणसाच्या भाजीचे जेवण चुलीवरून थेट पानात वाढले गेले. त्या अंधाराबद्दल गटातल्या कोणीही आजवर तक्रार केलेली नाही, उलट त्यांतल्या अनेकांनी पुढच्या यात्रेत आपले नातेवाईक पाठवले. श्रीलंकेच्या पर्यटनखात्याने काय करावे, असे मला कोणी विचारले, तर त्या अतिथिगृहाच्या मालकाने जो निरोप लिहिला, तसा निरोप दर आठवड्याला, प्रत्येक जिल्ह्यापुरता, सरकारी पातळीवरून निघावा, असे मी सांगेन.

याच्या नेमके उलट उदाहरणही त्याच देशाने दिले. एप्रिल २०२४ मध्ये व्हिसा देण्याचे काम खासगी परदेशी कंपन्यांच्या गटाकडे सोपवले गेले, शुल्क वाढले आणि त्यावर सेवाशुल्काची भर पडली. विमानतळावर एका प्रवाशाने केलेल्या संतप्त तक्रारीची चित्रफीत देशभर फिरली. ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था थांबवून जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. अनेक देशांच्या पर्यटकांना शुल्क माफ करण्याची घोषणाही त्याच वर्षी झाली, पण अंमलबजावणी लांबत गेली. या सगळ्या काळात आम्हा संयोजकांना दर पंधरवड्याला नवे उत्तर द्यावे लागत होते आणि ज्याचे उत्तर बदलते त्याच्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. त्याच सुमारास परदेशी पाहुण्यांकडून साध्या खाद्यपदार्थांचे अव्वाच्या सव्वा पैसे मागितल्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर आल्या, तेव्हा पोलिसांनी तातडीने कारवाई केली. विक्रेत्यावर झालेली कारवाई योग्य असेलही, पण गल्लीतल्या टपरीवाल्याला पकडणे सोपे आणि डोंगरातल्या लोकप्रिय रेल्वेगाडीची तिकिटे दलालांच्या हाती कशी जातात ते शोधणे अवघड. कँडीहून एलाकडे जाणाऱ्या गाडीची तिकिटे अधिकृत खिडकीवर संपलेली असताना तीच तिकिटे बाहेर कितीतरी पट दराने मिळतात, हा अनुभव माझ्या यात्रेकरूंनाही आलेला आहे.

आता आकड्यांकडे वळतो, कारण आपल्या लेखात पाहुण्यांच्या वाढत्या संख्येवरून प्रतिमा सुधारल्याचा निष्कर्ष काढला आहे. २०२४ मध्ये श्रीलंकेत २० लाख ५३ हजार परदेशी पाहुणे आले. २०१८ च्या तुलनेत ही घट सुमारे १२ टक्के आहे. पर्यटनातून मिळालेले परकीय चलन मात्र २०१८ मध्ये सुमारे ४३८ कोटी डॉलर होते, ते २०२४ मध्ये सुमारे ३१७ कोटींवर राहिले, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक घटले. डोकी जवळपास परत आली, खर्च करणारा आणि मुक्काम वाढवणारा पाहुणा तितकासा परतला नाही. त्याची कारणे मला गावोगावी दिसतात. संकटाच्या वर्षांत हॉटेलांतले प्रशिक्षित आचारी, वाढपी आणि व्यवस्थापक मालदीव आणि आखाती देशांत निघून गेले. मार्च २०२० पासून वाहनांची आयात बंद होती आणि ती २०२५ च्या सुरुवातीला खुली झाली, त्यामुळे पाच वर्षे जुन्याच गाड्या दुरुस्त करून चालवल्या गेल्या. वातानुकूलन धापा टाकणाऱ्या गाडीतून दिवसभर फिरलेल्या पाहुण्याला कोणताही चित्रपटतारा परत बोलावू शकणार नाही. जाहिरातीसाठी ठेवलेल्या रकमेतून चालकांना नव्या गाडीसाठी कमी व्याजाचे कर्ज आणि परतणाऱ्या कर्मचाऱ्यांना मायदेशी टिकण्याजोगे वेतन मिळाले, तर त्याचा परिणाम अधिक होईल.

युद्धाच्या आठवणीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण प्रतिमा सुधारायची म्हणजे जुने काही बोलायचेच नाही, असा एक समज पर्यटन व्यवसायात आहे. ज्या अनुराधपूरला आम्ही जातो, तिथे १४ मे १९८५ रोजी झालेल्या हल्ल्यात सुमारे दीडशे माणसे मारली गेली आणि त्यांत महाबोधीजवळचे भाविकही होते. बुद्धांचा दंतावशेष जतन केलेल्या कँडीच्या दंतधातू मंदिरासमोर २५ जानेवारी १९९८ रोजी स्फोट झाला. याच कँडीत १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते, त्यामुळे आमच्या यात्रेकरूंना त्या शहराची ओढ विशेष असते. उत्तरेला जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय १९८१ मध्ये जाळले गेले. त्यात जळालेली ग्रंथसंपदा तमिळ समाजाला कधीच पूर्णपणे परत मिळाली नाही, इमारत मात्र पुन्हा उभी राहिली. मंदिरावरचा हल्ला सांगणारे वाटाडे ग्रंथालयाची आग सांगायला कचरतात, हे मी पाहिले आहे आणि ते मला खटकते. आमचे यात्रेकरू दुःखाचा अर्थ जाणणारे लोक आहेत. त्यांना दोन्ही बाजूंचे दुःख सांगितले, तर त्यांच्या मनातला श्रीलंकेबद्दलचा आदर वाढतो.

रवांडाचे उदाहरण इथे देण्याजोगे आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर तो देश जगाच्या दृष्टीने केवळ प्रेतांचा देश उरला होता. त्याने ते लपवले नाही. किगाली येथील नरसंहार स्मारक आज परदेशी पाहुण्यांना आवर्जून दाखवले जाते. दुसरीकडे डोंगरी गोरिला पाहण्याच्या परवान्याचे शुल्क २०१७ मध्ये ७५० डॉलरवरून थेट १,५०० डॉलर केले आणि पर्यटन महसुलातला उद्यानालगतच्या गावांचा वाटा पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर नेला. ज्या गावकऱ्याच्या शाळेत आणि पाणवठ्यात पर्यटकाचा पैसा दिसतो, तो त्या पर्यटकाला फसवू देत नाही. रवांडाच्या राज्यकारभाराबद्दल गंभीर आक्षेप आहेत आणि ते डोळ्यांआड करू नयेत, पण महसुलाच्या वाटणीची ही पद्धत उचलण्याजोगी आहे. श्रीलंकेत सिगिरिया या खडकावरील प्राचीन किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुटुंबांना त्या खडकाच्या भरभक्कम प्रवेशशुल्कातून थेट काय मिळते, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक सरकारला विचारला गेला पाहिजे.

संपादक महोदय, शेवटी आपल्या क्षेत्राबद्दलही लिहिणे भाग आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या दूतावासाने अरुगम बे या पूर्व किनाऱ्यावरील ठिकाणी पर्यटकांवर हल्ल्याचा धोका असल्याचा इशारा दिला. बातमी महत्त्वाची होती आणि ती छापायलाच हवी होती. परंतु मराठी वाचकापर्यंत ती ‘श्रीलंका असुरक्षित’ एवढ्याच स्वरूपात पोहोचली. अरुगम बे कोलंबोपासून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून दूर आहे आणि बौद्ध यात्रेच्या नेहमीच्या मार्गावर ते येतही नाही, हे कोणत्याच बातमीत माझ्या वाचनात आले नाही. हा अन्याय काय असतो, हे नागपूरकरांना सांगण्याची गरज नाही. गडचिरोलीच्या एखाद्या दुर्गम कोपऱ्यात चकमक झाली की ताडोब्याची आरक्षणे केलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांचे फोन आपल्याकडे येतात, आणि मग आपण त्यांना जंगल कुठे आणि घटना कुठे हे नकाशा काढून समजावत बसतो. विदर्भाचे नाव दुष्काळ, उष्मा आणि आत्महत्या यांपलीकडे कोणी घेत नाही, याची खंत बाळगणाऱ्या आपण तरी दुसऱ्या देशाला एका ओळीच्या मथळ्यात गुंडाळू नये.

श्रीलंकेत येणाऱ्या दर पाच परदेशी पाहुण्यांपैकी साधारण एक भारतीय असतो, त्यामुळे भारतीय वृत्तपत्रे काय छापतात याला तिथे वजन आहे. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी अनुराधपूरला जाऊन आले आणि भारताच्या साहाय्याने झालेल्या तिथल्या रेल्वेमार्गाच्या कामांचे उद्घाटनही त्यांनी केले. त्या भेटीची छायाचित्रे सर्वत्र आली, पण त्या मार्गाने सामान्य यात्रेकरूने कसे जावे, ही माहिती कोठे आली नाही. तमिळनाडूतील नागपट्टणम ते उत्तर श्रीलंकेतील कांकेसंथुराई ही प्रवासी नौका १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या तारखेलाच सुरू झाली, काही दिवसांत थांबली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली, हे नागपुरातल्या किती यात्रेकरूंना ठाऊक आहे?

म्हणून माझी आपल्याला विनंती अशी की, यात्रेचा हंगाम सुरू होण्याआधी पुरवणीत एक चौकट नियमित द्यावी. तीत व्हिसाचे त्या महिन्यातले शुल्क आणि अधिकृत संकेतस्थळ, चेन्नईहून कोलंबो व जाफन्याची विमाने आणि नौकेची स्थिती, अनुराधपूर व कँडी येथील मुक्कामाचे चालू दर, बंद असलेले रस्ते व रेल्वेमार्ग, आणि एखाद्या भागाबद्दल इशारा असल्यास त्या भागाचे यात्रामार्गापासूनचे अंतर एवढे असावे. श्रीलंकेपासून सुरुवात करून पुढे नेपाळ आणि भूतानसाठीही हे करता येईल. तिकडच्या अतिथिगृहांकडून आणि चालकांकडून ही माहिती दर महिन्याला मिळवून, पडताळून आपल्या कार्यालयात वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारी मी आणि माझे काही सहकारी संयोजक आनंदाने घेऊ. आपला होकार कळला, की येत्या हंगामाची पहिली यादी पाठवतो.

आपला नम्र,
एक यात्रा संयोजक,
नागपूर